‘सगळी इंजेक्शनं झाली’, पण जंत आणि गोचिडांचं काय?

कुत्रा पाळायचा हट्ट घरात कोणीही धरो, त्याचं करणं शेवटी गृहिणीच्याच वाट्याला येतं, हे मी निराळं सांगायला नको. पिल्लू मुलं आणतात, नाव मुलं ठेवतात, आठ दिवस त्याला अंगाखांद्यावर खेळवतातही. नवव्या दिवसापासून त्याची दूध-पोळी, कोपऱ्यात केलेली घाण आणि अंगावरच्या गोचिडी हे सारं आपलं. त्यातली एक गोष्ट मात्र आपण हौसेनं आणि शिस्तीनं करतो. त्याला डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शनं देऊन आणतो. मग कोणी विचारलं की अभिमानानं सांगतो, “आमच्या कुत्र्याची सगळी इंजेक्शनं झालीत हो!”

हे ‘सगळी’ नेमकं कशाकशाला पुरतं, ते आज जरा बघू या. कारण वर्ध्याला चिकटून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीत, जिथे निम्मं शहर नि निम्मं शेत आहे, घरोघरी अंगणात कुत्रा आहे आणि पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत माजलेलं आहे, तिथे कुत्र्याला गाठणारे पुष्कळ आजार या ‘सगळी’मध्ये येतच नाहीत.

प्रथम ती प्रसिद्ध ‘नऊ रोगांची’ लस घ्या. दवाखान्यात कुणी ‘सेव्हन-इन-वन’ म्हणतात, कुणी ‘नाइन-इन-वन’. आकडा ऐकून आपल्याला वाटतं, आता राहिलं काय? तर या लशीत डिस्टेंपर, पार्व्हो, यकृताचा दाह, पॅराइन्फ्लुएंझा असे विषाणूंचे रोग असतात आणि उरलेला आकडा बहुतेक लेप्टोस्पायरा नावाच्या जिवाणूच्या निरनिराळ्या जातींनी भरून निघतो. रेबीजची लस वेगळी. या लशी चांगल्या आहेत, आवश्यक आहेत. पार्व्होनं दोन दिवसांत रक्ताची हगवण लागून गेलेली पिल्लं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. रेबीजबद्दल तर बोलायलाच नको. ती लस चुकवणं म्हणजे घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ. तेव्हा पुढचं वाचून कोणी “मग इंजेक्शनं देऊन उपयोग काय” असं म्हणू नये, एवढी माझी विनंती आहे.

पण या यादीत जंत नाहीत. पोटातले गोल जंत नाहीत, रक्त पिणारे अंकुशकृमी नाहीत, पट्टीसारखे लांब जंत नाहीत. गोचिडीतून रक्तात शिरणारा बबेसिया नाही. गोचिडीमुळेच होणारा एर्लिकिया नावाचा दुसरा ताप आहे (तो जिवाणूचा, पण लक्षणं पुष्कळशी सारखी), तोही नाही. परोपजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारे जे प्राणी, त्यांच्यापैकी एकावरही आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या या नेहमीच्या इंजेक्शनांचा काही परिणाम होत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका ताईंकडे हे अगदी जवळून पाहायला मिळालं. त्यांचा मोती हा काळाभोर, थोडा अल्सेशियनकडे झुकलेला, गल्लीतल्या पोरांचा लाडका. मागच्या पावसाळ्यात त्यानं एक दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. अंग तापलेलं. ताई निर्धास्त होत्या. म्हणाल्या, “अवं, त्याले तं सारे इंजेक्शनं देल्ले ना आम्ही! उन-पाण्याचा ताप असन, उतरन.” औषधाच्या दुकानातून माणसांची तापाची गोळी आणून दिली. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तेव्हा घाबरल्या. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून दाखवली. आतला भाग गुलाबी असायचा तो कागदासारखा पांढरा पडलेला. कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत बबेसिया सापडला. डॉक्टरांनी लसींचं पुस्तक चाळलं आणि एवढंच म्हणाले, “यात याची लस नाहीच.” मोती वाचला, पण पंधरवडाभर उठून उभा राहायला त्याला आधार द्यावा लागत होता. त्याच्या पुढच्या हकिगतीकडे नंतर येते.

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथे ही गोष्ट वर्गात निघाली, तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, मग याची लस का नाही काढत?” प्रश्न रास्त होता. आणि उत्तर असं, की काढली होती. एकदा नाही, बऱ्याच वेळा.

लस निघाली, पण...

अंकुशकृमीवरच्या लशीची गोष्ट सगळ्यांत शिकण्यासारखी आहे. हा जंत जेमतेम अर्धा-पाऊण इंच लांबीचा, पण आतड्याला दातांनी धरून रक्त पितो. लहान पिल्लांना तो आईच्या दुधातून मिळतो आणि दोन-तीन आठवड्यांची पिल्लं निव्वळ रक्त कमी पडून मरतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात संशोधकांनी एक युक्ती काढली. या जंताच्या अळ्यांवर क्ष-किरण सोडायचे. अळी मरत नाही, पण दुबळी होते. शरीरात शिरते, शरीराला ओळख करून देते, पण नीट वाढून रक्त प्यायला लागत नाही. अशा अळ्यांची लस १९७३ साली अमेरिकेत विकायला आली. ती टोचलेल्या कुत्र्यांच्या पोटात पुढे जंत फार कमी होत, हे प्रयोगांत दिसलेलं होतं. तरीही १९७५ साली ती बाजारातून गेली. अवघी दोन वर्षं!

असं का व्हावं? एक तर ती जिवंत अळ्यांची लस. अळ्या जिवंत आहेत तोवरच उपयोगाची, त्यामुळे फार दिवस ठेवता येत नसे. महागही पडे. पण खरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. लस टोचलेला कुत्रा आजारी पडत नसे, पण त्याच्या पोटात थोडे जंत राहत, आणि विष्ठेत अंडीही सापडत. कुत्र्याच्या मालकाची अपेक्षा अशी, की लस दिली म्हणजे जंत शून्य. डॉक्टरांनाही तपासणीत अंडी दिसली की वाटे, लस फसली. वास्तविक लस तिचं काम करत होती. ती रोगापासून वाचवत होती, जंतापासून पूर्ण सुटका करत नव्हती. रोग न होणं आणि शरीरात परोपजीवी अजिबात नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवीच्या लशीची सवय लागलेल्या आपल्या मनाला हा फरक पटकन उमगत नाही.

आणि घरातल्या बाईच्या दृष्टीनं तर हाच फरक मोलाचा. कुत्रा ठणठणीत दिसतोय, पण अंगणात अंडी टाकतोच आहे. त्या अंगणात आपली मुलं अनवाणी फिरतात.

बबेसियाची गोष्ट तर आपल्याच देशात सुरू होते. कुत्र्यांच्या रक्तातल्या बबेसियाची जी लहान आकाराची जात आपल्याकडे फार आढळते, तिचा शोध १९१० साली मद्रासला लागला. इंग्रज साहेबांच्या शिकारी कुत्र्यांच्या कळपात पॅटन नावाच्या अधिकाऱ्याला ती दिसली, आणि नंतर कोल्ह्यांच्या रक्तातही सापडली. म्हणजे हा पाहुणा काही परवा आलेला नाही. १९८०नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये बबेसियावर कुत्र्यांसाठी लस निघाली. पण ती त्यांच्याकडच्या जातीवर बेतलेली. पुढे असं दिसलं की एकाच जातीच्या बबेसियाचे निरनिराळ्या भागांतले वंशही एकमेकांपासून इतके भिन्न, की एकावरची लस दुसऱ्याला नीट लागू पडत नाही. मग दोन प्रकार एकत्र करून सुधारलेली लस आली. तिनंही संसर्ग टळत नव्हता. आजार सौम्य होई, एवढंच. मद्रासला सापडलेल्या आपल्या जातीवर या लशींचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा परदेशी असलेल्या भावानं वा दिरानं “मी तिकडून कुत्र्यासाठी गोचीड-तापाची लस पाठवू का?” असं विचारलं, तर सरळ नको म्हणावं. एक तर लस बर्फात आली पाहिजे, आणि आली तरी ती दुसऱ्याच कुलपाची किल्ली.

तिसरी लस मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांमध्ये मी स्वतः वाचली आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. लेश्मॅनिया नावाचा परोपजीवी आहे. त्याच्यामुळे माणसांना काळा आजार होतो. दक्षिण युरोप आणि ब्राझीलमध्ये या परोपजीवीचा मोठा साठा कुत्र्यांत असतो. वाळूमाशी नावाची बारीक माशी कुत्र्याला चावते, मग माणसाला चावते. त्यामुळे तिकडे कुत्र्यांना लस देण्याची खटपट झाली. युरोपात २०११ साली एका लशीला परवानगी मिळाली. ती सहा महिन्यांवरच्या कुत्र्याला, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा टोचायची, मग दरवर्षी एकदा. त्याआधी रक्त तपासून संसर्ग नाही याची खात्री करून घ्यायची. टोचल्यावर सूज, ताप, मरगळ, पोट बिघडणं असा त्रास काही कुत्र्यांना व्हायचा. एवढं करून रोगाची शक्यता सुमारे चौपट कमी व्हायची. ती नाहीशी होत नव्हती, म्हणून माशी चावू नये यासाठी गळ्यात औषधी पट्टा बांधायचाच.

ब्राझीलमध्ये याहून मोठा गुंता झाला. तिथे सरकारी धोरण असं, की रक्ततपासणीत ज्या कुत्र्यात लेश्मॅनिया दिसेल त्याला मारून टाकायचं. आता विचार करा, लस टोचली की शरीर त्या परोपजीवीविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करणार, आणि तपासणी शोधते तीही प्रतिद्रव्यंच! मग हे कुत्रं आजारी, की नुसतं लस घेतलेलं? ज्या लशीनं त्याला वाचवायचं तीच त्याच्या गळ्याशी यायची भीती. तिथली पहिली लस २०१४ साली परवाना जाऊन बंद झाली. दुसरीचे काही साठे ठरलेल्या मापात उतरले नाहीत म्हणून २०२३ साली तिच्यावरही बंदी आली.

आपल्याला यातलं काय लागू? जवळजवळ काहीच नाही. भारतात काळा आजार मुख्यतः बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश आणि बंगाल या भागांतला, आणि तो वाळूमाशीमार्फत माणसाकडून माणसाकडे जातो. वर्ध्यातल्या कुत्र्याला ती लस हवी असं सांगणारा निरोप पुढे पाठवू नये, पुसून टाकावा.

हे इतकं अवघड का?

विषाणू हा फार लहान आणि साधा. त्याच्या अंगावर ओळखीच्या खुणा मोजक्याच. परोपजीवी त्यामानाने राक्षस. त्याच्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिनं, आणि आयुष्यात तीन-चार अवस्था. अंडं निराळं, अळी निराळी, मोठा जंत निराळा, गोचिडीतलं रूप निराळं आणि रक्तातलं निराळं. आपल्या शरीरानं एका रूपाला ओळखावं, तोवर तो दुसरा वेष घेऊन बसलेला असतो. बहुरूपीच म्हणा ना.

माणसांच्या मलेरियाकडे बघितलं की हे लक्षात येतं. मलेरियाचा परोपजीवी आणि बबेसिया हे तसे भाऊबंदच, दोघंही तांबड्या पेशीत घर करतात. मलेरियाचा परोपजीवी १८८० साली दिसला, डासातून पसरतो हे सर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला दाखवलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केलेली पहिली लस हाती यायला २०२१ साल उजाडलं! २०२३ साली शिफारस झालेली दुसरी लस तर आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. आफ्रिकेतल्या लहान मुलांना ती देतात, आणि ती दिली तरी मच्छरदाणी सोडू नका म्हणून सांगतात. माणसांच्या मुलांसाठी जगातला सगळा पैसा आणि बुद्धी लावून इतका काळ गेला, तर कुत्र्यांसाठी रांग कितवी लागणार ते आपणच समजा.

गाईंच्या बाबतीत मात्र आपल्याकडे एक लस आहे. गोचिडीतून होणारा थायलेरिया हा आजार संकरित गाईंना फार छळतो. आपल्या वर्ध्याच्या गवळाऊ गाई त्या मानानं काटक. या आजारावर हैदराबादला तयार होणारी जिवंत लस संकरित जनावरांना देतात. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांवर ठेवावी लागते. बाहेर काढली की ताबडतोब टोचायची. घरातल्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवायची ही वस्तू नव्हे. आणि ती गाईचीच आहे. “गाईला चालते मग कुत्र्याला का नाही,” असं आमच्याकडे दूध घालणारे गृहस्थ एकदा म्हणाले होते. गाईतला परोपजीवी वेगळा आणि कुत्र्यातला वेगळा, एवढंच त्याचं उत्तर.

मग आपल्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे, आणि बहुतेक सारं घरकामातच मोडतं. फक्त ते आजवर आपण स्वच्छता म्हणून करत होतो. आता औषध म्हणून करायचं.

पिल्लू घरी आलं की जंतांचं औषध आधी आणि लस नंतर, हा क्रम ध्यानात ठेवा. जंतांनी पोखरलेल्या पिल्लाला लस नीट लागू पडत नाही, म्हणून डॉक्टर साधारण आठवडाभर आधी जंतांचं औषध देतात. गोल जंत तर पिल्लू आईच्या पोटातूनच घेऊन येतं, तेव्हा “आमचं पिल्लू कुठे बाहेर गेलंच नाही” हा युक्तिवाद इथे चालत नाही. दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर दोन आठवड्यांनी दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि पुढे दर तीन महिन्यांनी, असा सर्वसाधारण रिवाज आहे. व्यालेली कुत्री असेल तर तिलाही पिल्लांबरोबर औषध द्यायचं. मात्रा वजनावर ठरते. शेजारणीच्या कुत्र्याची उरलेली अर्धी गोळी आपल्या पिल्लाला देऊ नये. आणि गोळी ही लस नाही, हेही लक्षात असू द्या. ती आज पोटात असलेले जंत काढते. उद्या त्यानं पुन्हा घाणीत तोंड घातलं तर पुन्हा जंत.

त्याच्या बिछान्यावर किंवा शेपटीखाली काकडीच्या बीसारखे, भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टी जंताचे. हा जंत पिसवांतून येतो. कुत्रं पिसू चावून गिळतं आणि जंत पोटात जातो. अशा वेळी नुसती गोळी देऊन भागत नाही, पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. दुसरा एक पट्टी जंत जनावरांची कच्ची आतडी-काळजं खाणाऱ्या कुत्र्यांत होतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात, शस्त्रक्रिया करावी लागते. खाटकाकडून ‘कुत्र्यासाठी’ म्हणून आणलेलं काही असेल तर चांगलं शिजवल्याशिवाय घालू नका.

विष्ठा रोजच्या रोज उचला. यात सोवळेपणाचा प्रश्न नाही, साधं गणित आहे. गोल जंताचं अंडं पडल्यापडल्या कोणाला लागत नाही. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावरच ते संसर्ग करण्याजोगं होतं. अंकुशकृमीच्या अळ्यांना ओल्या, सावलीच्या जागी साधारण आठवडा लागतो. म्हणजे त्याच दिवशी उचललं तर धोका तिथेच संपला. पंधरा दिवसांनी झाडलोट केली तर आपण अंडी फक्त अंगणभर पसरवली.

आणि तो वाळूचा ढीग! आमच्याकडे दर चार घरांआड एक बांधकाम चालू, आणि रस्त्यावर वाळू पडलेली. कुत्र्यांना ती उकरून घाण करायला आवडते आणि मुलांना त्यात किल्ले करायला. ओलसर वाळूत अंकुशकृमीच्या अळ्या छान जगतात आणि अनवाणी पायातून कातडीत शिरतात. पायावर नागमोडी, तांबडी, रात्री फार खाजणारी रेघ उठते, आणि ती दर दिवशी थोडी पुढे सरकते. त्याला नायटा समजून मलमं चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. गोल जंताच्या अळ्या मुलांच्या पोटात गेल्या तर क्वचित डोळ्यापर्यंत जातात आणि दृष्टीला अपाय करतात. वाळू आपली असेल तर रात्री ताडपत्री टाका, दुसऱ्याची असेल तर मुलांना चपला घालायला लावा आणि जेवणाआधी हात धुवून घ्या. नखंही कापा. शाळेत मी दर सोमवारी नखं बघते तेव्हा पोरं नाकं मुरडतात, पण मुरडू देत.

आता गोचिडी. इथेच मोतीची उरलेली हकिगत सांगते. तो बरा झाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा तसाच तापला. ताई रडकुंडीला आल्या. बबेसियातून बरं झालेलं कुत्रं पुष्कळदा तो परोपजीवी अंगात थोडाथोडा बाळगूनच असतं आणि अशक्तपणा आला की तो डोकं वर काढतो, हे एक कारण. पण दुसरं कारण घरातच होतं. आपल्या कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड ही गवतातल्यापेक्षा घरातच जास्त रमते. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत शिरून हजारो अंडी घालते. तिथून निघालेली पिल्लावळ महिनोन् महिने उपाशी राहून वाट बघू शकते. ताईंच्या घरी विजेच्या खटक्यांच्या पेटीमागे, दाराच्या चौकटीच्या चिरेत आणि देवांच्या तसबिरींच्या मागे त्या निघाल्या. कुत्र्यावरच्या वीस वेचल्या तरी भिंतीत दोनशे. ताईंनी मग फटी लांबीनं बुजवल्या, मोतीचं गोणपाट जाळून टाकलं आणि उकळत्या पाण्यात धुता येईल अशी जुनी सतरंजी त्याला दिली.

गोचीड वेचताना चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. नखानं चिरडू नये. रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून बघावं. बबेसिया अंगात जायला गोचीड सहसा दोन-तीन दिवस चिकटलेली असावी लागते. रोजची वेचणी म्हणून उपयोगी. एर्लिकिया मात्र काही तासांतही जाऊ शकतो, तेव्हा नुसत्या वेचण्यावर विसंबू नये. मानेवर सोडायची औषधं, औषधी पट्टे, चघळायच्या गोळ्या आता मिळतात. महाग आहेत खऱ्या, पण आजारपणाच्या खर्चापुढे स्वस्तच. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर चघळायच्या गोळीआधी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं गोचीड-औषध तिला मुळीच लावू नये. त्यातली काही मांजरांना विषच ठरतात.

घासलेट चोळणं, तंबाखूचं पाणी लावणं, डांबरगोळ्या अंथरुणात ठेवणं, हे आपल्या घरांतले जुने उपाय. तिन्ही वाईट. कुत्रं अंग चाटतं, आणि लावलेलं सगळं पोटात जातं. गोठ्यात गुरांवर फवारायचं औषध “थोडं पातळ करून” कुत्र्यावर मारण्यानंही कुत्री दगावतात. माणसांच्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांबद्दलही तेच. गोचीड-तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेननं रक्तस्राव वाढतो.

नेहमीच्या लशीबद्दलही दोन शब्द. ताप असलेल्या, न जेवणाऱ्या कुत्र्याला “आज आलोच आहोत तर टोचून घेऊ” असं करू नका. टोचल्यावर निदान अर्धा तास दवाखान्यातच थांबा. एक-दोन दिवस मलूल राहिलं, टोचल्या जागी गाठ आली, तर घाबरायचं कारण नाही. पण तोंड सुजलं, उलट्या सुरू झाल्या किंवा कुत्रं कोसळलं तर तत्काळ परत न्यायचं. असं क्वचितच होतं. म्हणून रेबीजची लस टाळायची नाही, पुढच्या वेळी डॉक्टरांना ते आधी सांगायचं.

तापलेलं कुत्रं, पांढरट हिरड्या, गडद लघवी, नाकातून रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर “इंजेक्शनं झालीत” हे विसरून त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. काचपट्टीवर एकदा काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही असं नसतं. परोपजीवी थोडे असले तर निसटतात. अशा वेळी डॉक्टर जांभळ्या टोपणाच्या बाटलीत रक्त घेऊन पुढच्या तपासणीला पाठवायला सांगतात. आपल्याला नागपूर जवळ आहे, सव्वा-दीड तासाचा रस्ता. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालापासूनचं आहे आणि तिथे जनावरांचा दवाखानाही चालतो. कुत्र्याला नेत असाल तर सकाळी लवकर निघा. रक्ताची बाटली नेत असाल तर ती बर्फाला टेकू न देता गार ठेवा, वर कुत्र्याचं नाव, वय आणि रक्त काढल्याची वेळ लिहा, आणि आधी कुठली औषधं दिली त्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. दुकानातून आणलेली गोळी दिली असेल तर तीही लपवू नका.